उत्प्रेरक आणि उजेड : डेव्हिड मॅकमिलन यांची वाटचाल

सेंद्रिय रसायनशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात अभिक्रियेच्या बाणावर बहुधा उष्णता, आम्ल किंवा एखादा धातू लिहिलेला असतो, प्रकाश क्वचितच. झाडाचे पान तर आपला सारा व्यवहार उजेडावर चालवते. मग आपण बर्नर का पेटवतो, असे वर्गात कोणी ना कोणी मला विचारतोच. या प्रश्नाचे उत्तर एका शास्त्रज्ञाच्या वाटचालीतून चांगले कळते, म्हणून हा लेख.

प्रश्न जुनाच आहे. इटलीत बोलोन्या येथे जाकोमो चामिचान यांनी काचपात्रे उन्हात ठेवून वर्षानुवर्षे प्रयोग केले आणि १९१२ साली न्यूयॉर्कच्या व्याख्यानात कोळशाऐवजी सूर्यप्रकाशावर चालणाऱ्या उद्योगांचे चित्र रंगविले. पण बहुतेक सेंद्रिय संयुगे रंगहीन असतात, म्हणजेच दृश्य प्रकाश ती शोषत नाहीत. अतिनील किरण शोषतात खरे, परंतु त्यांच्या ऊर्जेने हव्या त्या बंधाबरोबर नको तो बंधही तुटतो.

मॅकमिलन यांचा जन्म १९६८ साली स्कॉटलंडमधील बेल्सहिल येथे झाला. वडील पोलाद कारखान्यात कामगार. ग्लासगो विद्यापीठाची पदवी घेऊन ते अमेरिकेत गेले, लॅरी ओव्हरमन यांच्या मार्गदर्शनाखाली डॉक्टरेट मिळविली आणि १९९८ मध्ये बर्कलेला स्वतःचे संशोधन सुरू केले. धातूविना, लहान सेंद्रिय रेणूंकडूनच उत्प्रेरकाचे काम करून घेता येते हे त्यांनी २००० साली दाखविले. या कार्याबद्दल २०२१ चे नोबेल पारितोषिक त्यांना बेंजामिन लिस्ट यांच्यासमवेत मिळाले. प्रकाशाचे काम त्याहून निराळे, आणि मला तेच अधिक रोचक वाटते.

रुथेनियमचे बायपिरिडीनबरोबरचे नारिंगी संयुग १९३६ पासून माहीत होते. असेंद्रिय रसायनवाले त्याचा कसून अभ्यास करीत होते. सेंद्रियवाल्यांपैकी मात्र थोड्यांनीच तिकडे पाहिले. (आपल्याकडेही दोन पेपर वेगळे म्हणून दोन वह्या वेगळ्या!) निळा प्रकाश शोषला की हे संयुग सेकंदाच्या सुमारे दहा लाखाव्या भागापर्यंत उत्तेजित राहते. त्या अवस्थेत ते इलेक्ट्रॉन घेण्यातही पटाईत असते आणि देण्यातही. बाजारातला अडत्याच म्हणा ना : एकाकडून घ्यायचे, दुसऱ्याला द्यायचे, शेवटी होता तसाच मोकळा.

प्रिन्स्टन येथे २००८ साली मॅकमिलन व डेव्हिड नायसविच यांनी हा अडत्या आपल्या जुन्या सेंद्रिय उत्प्रेरकाशी जोडला. ब्रोमीनयुक्त संयुगाला एक इलेक्ट्रॉन मिळाला की ब्रोमाइड सुटून जाते व कार्बनचा मूलक उरतो. तिकडे अल्डिहाइड आणि अमाइन उत्प्रेरक मिळून एनामीन झालेले असते; मूलक त्याला येऊन चिकटतो. अमाइनची एक बाजू अडविलेली असल्याने डाव्या-उजव्या हातासारख्या दोन रूपांपैकी एकच प्रामुख्याने तयार होते. औषधांच्या दृष्टीने हे फार मोलाचे, कारण एक रूप गुणकारी आणि दुसरे निरुपयोगी किंवा घातकही असू शकते. आणि दिवा कोणता? १५ वॉटचा साधा फ्लुओरेसंट! त्याच वर्षी विस्कॉन्सिनमध्ये टेशिक यून यांनीही रुथेनियम व दृश्य प्रकाश वापरून वेगळी अभिक्रिया यशस्वी केली, हेही सांगितले पाहिजे. पुढे २०१४ मध्ये या प्रकाश-उत्प्रेरकांना निकेलची जोड मिळाली आणि औषध कंपन्यांनी ही पद्धत झपाट्याने उचलली.

रुथेनियम महाग, ही शंका रास्त आहे. पण २०११ साली जर्मनीत रेगेन्सबुर्ग येथील संशोधकांनी हीच अभिक्रिया हिरव्या प्रकाशात इओसिनने करून दाखविली. होय, प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत स्लाइड रंगवितो, तोच इओसिन कुळातला रंग. अर्थात दिवा आणि रंग मिळाला म्हणजे सर्व झाले, असे समजू नये. द्रावणातला ऑक्सिजन हाकलावा लागतो, आणि डावे-उजवे ओळखण्याची उपकरणे लहान महाविद्यालयांत सहसा नसतात. नमुने बाहेर पाठवावे लागतात.

ज्यांना यात पुढे जायचे असेल त्यांनी आधी भौतिक रसायनातील ऑक्सिडेशन-रिडक्शन विभवाचे प्रकरण नीट वाचावे. परीक्षेला ते पर्यायात सोडून देता येते, म्हणून फार थोडे विद्यार्थी वाचतात. आणि कोणता रंग कोणाला इलेक्ट्रॉन देऊ शकेल, हे तेथील आकड्यांवरूनच ठरते.