सौर पॅनेल आणि दारचे झाड



२०२४ साली पंतप्रधान सूर्यघर योजना सुरू झाल्यापासून आपल्या कार्यक्षेत्रात गच्चीवर सौर पॅनेल बसवणाऱ्यांची संख्या बरीच वाढली आहे. ३ किलोवॅटपर्यंतच्या संचाला जास्तीत जास्त ७८,००० रुपये अनुदान मिळते, म्हणून पुष्कळांनी कर्ज काढून का होईना, पण संच बसवून घेतले. आता "सांगितली तेवढी वीज पडत नाही" अशा तक्रारी गट ऑफिसात येऊ लागल्या आहेत. चौकशी केली की बहुतेक जण दारच्या झाडाकडे बोट दाखवतात, आणि पुढचा प्रश्न ठरलेला, "तोडू का?" या प्रश्नाचे उत्तर घाईने देऊ नये, हे आम्ही स्वतः चूक करून शिकलो. ती हकीगत आधी सांगतो.

एका सभासदाच्या घरी ३ किलोवॅटचा संच आहे. आपल्याकडे एका किलोवॅटला स्वच्छ उन्हाच्या दिवशी सरासरी ४ युनिट धरतात. म्हणजे रोज १२ च्या आसपास पडायला हवीत. त्यांना डिसेंबरात ८-९ च पडत होती. आम्ही बघायला गेलो ते सायंकाळी साडेचारला. नैऋत्येच्या आंब्याची सावली पॅनेलवर पसरलेली होती. आम्ही लगेच म्हणालो, फांद्या उतरवा. तो आंबा त्यांच्या आईंनी लग्न होऊन आल्यावर लावलेला. म्हातारी काही बोलली नाही, फक्त आत निघून गेली. निम्म्याहून जास्त शेंडा उतरवला गेला, आणि वीज वाढली अर्धे युनिट!

मग आम्ही एक दिवस सकाळपासून गच्चीवर बसून राहिलो. साडेनऊपासून अकरापर्यंत दोन पॅनेलच्या खालच्या कडेवर सावली होती, आणि ती होती आग्नेयेला उंच चौथऱ्यावर बसवलेल्या पाण्याच्या टाकीची. टाकी उत्तरेला हलवली आणि आकडा ११ च्या पुढे गेला. आंबा मात्र हकनाक गेला. चूक आमचीच होती. साडेचारची सावली बघून निकाल दिला, त्या वेळी वीज अशीही थोडीच पडते.

आता एवढ्याशा सावलीने इतके नुकसान का व्हावे? पॅनेलमधल्या चकत्या एकापुढे एक जोडलेल्या असतात. ठिबकच्या नळीला एके ठिकाणी पीळ पडला की पुढच्या सगळ्या सरीला पाणी कमी जाते ना, तसेच हे. एका चकतीवर सावली आली तर तिच्यासोबतच्या सगळ्यांचा प्रवाह अडतो. पॅनेलमध्ये डायोड बसवून साधारण तीन भाग पाडलेले असतात, त्यामुळे सगळे पॅनेल बंद पडत नाही, पण तेवढा भाग वगळला जातो. चिकटून बसलेले एक ओले पान किंवा कावळ्याची शिटसुद्धा हेच करते. शिवाय झाकलेली चकती तापते आणि कालांतराने खराब होऊ शकते.

सावलीचा हिशेब अवघड नाही. सांगली-कराडचा पट्टा सुमारे १७ अंश अक्षांशावर येतो. २१-२२ डिसेंबरला भर दुपारी सूर्य क्षितिजापासून ५० अंशांवर असतो आणि सावली वस्तूच्या उंचीपेक्षा थोडी कमी पडते. पण सकाळी साडेनऊ आणि दुपारी साडेतीनला तो ३० अंशांवर येतो, सावली पावणेदोन पट होते. (आपल्याकडे सूर्य माथ्यावर येतो तो घड्याळात साडेबाराला, म्हणून हे अर्ध्या तासाचे गणित.) उंची मोजायची ती पॅनेलच्या पातळीपासून, जमिनीपासून नव्हे. झाड ३० फूट आणि पॅनेल १४ फुटांवर असेल तर जास्तीची उंची १६ फूट. दक्षिणेला हे झाड पॅनेलपासून १४ फुटांवर असेल तर दुपारी अडचण नाही. आग्नेय-नैऋत्येला मात्र २७-२८ फूट अंतर पाहिजे. उत्तरेच्या झाडाची फिकीर करू नये. मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत दुपारचा सूर्य किंचित उत्तरेला असतो खरा, पण तेव्हा तो जवळजवळ डोक्यावरच असतो.

हिशेब नको असेल तर डिसेंबरअखेरीस एक दिवस खडू घेऊन गच्चीवर जावे आणि दर तासाला सावलीची कड आखावी. पोरांना सांगितले तर ती आनंदाने करतात. संच बसवण्याआधी हे केले तर सर्वांत उत्तम, कारण पॅनेल सरकवणे झाड सरकवण्यापेक्षा सोपे!

फांदी काढावीच लागली तर शेंडा छाटू नये. शेंडा मारलेल्या झाडाला दुप्पट जोमाने फोक येतात आणि दोन वर्षांत जैसे थे. आड येणारी फांदी मुळापासून, पण खोडालगतचा फुगवटा राखून काढावी. जड फांदीला आधी खालून काप द्यावा, मग थोडे पुढे वरून, आणि उरलेला खुंट शेवटी, म्हणजे साल सोलून निघत नाही. एका वेळी पाव हिश्शापेक्षा जास्त पालवी उतरवू नये. आंब्याची छाटणी फळे उतरल्यावर करावी. जखमेवर १ किलो मोरचूद, १ किलो चुना व १० लिटर पाणी या प्रमाणात बोर्डो पेस्ट लावावी. फांदी विजेच्या तारेजवळ असेल तर हात लावू नये, महावितरणला कळवावे.

समूळ तोडायचे असेल तर १९६४ च्या वृक्षतोड कायद्याची आठवण ठेवावी. आंबा, चिंच, फणस, जांभूळ, साग ही झाडे स्वतःच्या मालकीची असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. शेजाऱ्याच्या झाडाची फांदी असेल तर आधी बोलावे. त्यांनाही गच्चीवर नेऊन खडूची रेघ दाखवली की भांडण बहुतेक होत नाही.

पश्चिमेचे झाड तोडण्याआधी आणखी एक विचार करावा. एप्रिलमध्ये दुपारनंतर भिंत तापू न देणारे तेच असते. ते गेले तर पंखा आणि कूलर जास्त चालणार. नवीन लावायचे असेल तर दक्षिणेच्या अंगाला लिंबू, सीताफळ, डाळिंब, पेरू, कढीपत्ता अशी बुटकी झाडे लावावीत. निलगिरी, सुबाभूळ, नारळ उत्तरेला.

गळीत हंगामात पाचटाची राख आणि रस्त्याची धूळ पॅनेलवर बसते. (धुराड्याला दोष देण्याआधी शेजारचा फड कोणी पेटवला ते बघावे.) पहाटे, पॅनेल गार असताना, साध्या पाण्याने धुवावे. भर दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नये.

वर सांगितलेल्या आंब्याला यंदा एका बाजूने नवी पालवी आली आहे. ज्या सभासदांना गच्चीवरील सावली मोजून हवी असेल, त्यांनी आपापल्या गट ऑफिसात नाव नोंदवावे. आम्ही डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात येऊ, आणि सकाळीच येऊ.