फायबरच्या पेटीमागे मेश राउटर : पापनाशमच्या लांबट घरांतील अनुभव

घरात फायबरची जोडणी आल्यानंतर तिच्यामागे मेश राउटर बसवताना ज्या अडचणी येतात, त्यांचे खापर बहुधा कमजोर सिग्नलवर किंवा उपकरणाच्या स्वस्तपणावर फोडले जाते. परंतु त्यांतील पुष्कळ अडचणींचे मूळ निराळेच असते, आणि ते म्हणजे घरातील जाळ्याचा कारभार कोणत्या पेटीने पाहायचा हे ठरण्याआधीच दोन पेट्या एकमेकींना जोडून मोकळे होणे. तंजावर जिल्ह्यातील पापनाशम आणि आसपासच्या गावांत हे विशेष जाणवते, कारण तेथील जुन्या घरांची रचनाच अशी आहे की एका राउटरवर भागत नाही, दुसरा आणावा लागतो, आणि तो आणला की हा प्रश्न दाराशी उभा राहतो.

तंजावर आणि कुंभकोणम यांच्या दरम्यान, कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात वसलेल्या या गावात जुन्या वळणाची घरे रस्त्याकडून अरुंद आणि आत मात्र लांबच लांब असतात. पुढे तिण्णै, म्हणजे आपला ओटा. त्यामागे रेळि नावाची ओसरीवजा जागा. मग मुट्रम, म्हणजे उघडा चौक, आणि त्याला लागून कूडम, म्हणजे माजघर. शेवटी स्वयंपाकघर आणि कोल्लै, म्हणजे परसू. १६७६ पासून १८५५ पर्यंत तंजावरावर भोसल्यांचे राज्य असल्याने या मुलखात स्थिरावलेली मराठी कुटुंबेही पिढ्यान्‌पिढ्या अशाच घरांतून राहत आली आहेत, आणि ज्यांची मुले पुण्यात किंवा परदेशात आहेत त्यांच्यासाठी मागच्या खोलीत बसून व्हिडिओवर बोलता येणे ही चैन राहिलेली नाही. फायबरची तार मात्र रस्त्यावरच्या खांबावरून येते, म्हणून ती बसवणारा माणूस पेटी पहिल्याच भिंतीवर ठोकतो. तेथून परसापर्यंत जाताना वाय-फायच्या लहरींना विटा-चुन्याच्या जाड भिंती एकामागून एक ओलांडाव्या लागतात. ५ गिगाहर्ट्‌झच्या लहरी वेगवान असल्या तरी त्यांत लवकर क्षीण होतात, तर २.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरी लांब पोहोचत असल्या तरी त्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे मार्ग १, ६ आणि ११ असे तीनच असल्याने सामाईक भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यांच्या राउटरांशी त्यांची सतत गर्दी होते.

पुढील विवेचन समजण्यासाठी भिंतीवरची ती पेटी नेमके काय करते हे पाहणे आवश्यक आहे. लोक तिला मोडेम म्हणतात, तंत्रज्ञ ओएनटी म्हणतात. भारतातील घरगुती फायबर जोडण्यांत मोठ्या प्रमाणावर वापरल्या जाणाऱ्या जीपॉन पद्धतीत केंद्राकडून निघालेला एकच तंतू वाटेत प्रकाश विभागणाऱ्या घटकातून, सामान्यतः ३२ किंवा ६४ घरांपर्यंत, वाटला जातो. घराकडे येणारी माहिती १४९० नॅनोमीटर आणि घराकडून जाणारी १३१० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशावर चालते, आणि येण्याची सेकंदाला सुमारे २.५ गिगाबिट व जाण्याची सुमारे १.२५ गिगाबिट एवढी क्षमता सर्वांमध्ये मिळून असते. या प्रकाशाचे विद्युत् संकेतांत रूपांतर करणे हे ओएनटीचे मूळ काम. पण आजची पेटी एवढ्यावर थांबत नाही. ती नाव आणि पासवर्ड देऊन सेवादात्याकडे हजेरी लावते, ज्या पद्धतीला पीपीपीओई म्हणतात. घरातील प्रत्येक उपकरणाला खासगी पत्ता वाटते, ज्याला डीएचसीपी म्हणतात. त्या सर्व खासगी पत्त्यांना बाहेरच्या एका पत्त्यामागे लपवते, ज्याला नॅट म्हणतात. स्वतःचे वाय-फाय पसरवते, आणि अनेक ठिकाणी घरचा टेलिफोनही तिच्यावरच चालतो. म्हणजे ही पेटी स्वतःच पूर्ण राउटर आहे. मेश संच, म्हणजे एकाच नावाचे वाय-फाय पसरवणाऱ्या आणि आपसांत बोलणाऱ्या दोन-तीन पेट्यांचा गट, हाही कारखान्यातून निघतो तेव्हा पूर्ण राउटर म्हणूनच निघतो, आणि येथेच एका घरात दोन कारभारी होतात.

दोन कारभारी असले तरी पहिल्या दिवशी सारे सुरळीत दिसते, ही या प्रकारातील खरी फसवणूक आहे. मोबाइलवर पाने उघडतात, चित्रपट चालतात, आणि काम झाले असे समजून माणूस उठतो. मग काही दिवसांनी प्रिंटर सापडेनासा होतो, कारण तो ओएनटीच्या जुन्या वाय-फायला चिकटलेला असतो आणि लॅपटॉप मेशच्या जाळ्यात असतो, व मधली नॅटची भिंत एकाला दुसरे दिसू देत नाही. मोबाइलवरून टीव्हीवर चित्र पाठवता येत नाही. बाहेरगावाहून घरचा कॅमेरा थेट पाहण्यासाठी केलेली मांडणी बंद पडते, कारण ती आता दोन ठिकाणी करावी लागते. कधी दोन्ही पेट्या १९२.१६८.१ ने सुरू होणारेच पत्ते वाटतात. नवी उपकरणे असा संघर्ष ओळखून आपला पत्ता बदलतात, पण जी ओळखत नाहीत ती इंटरनेटच बंद पाडतात. सर्वांत चकवणारा प्रकार तारेच्या चुकीच्या खाचेचा आहे : राउटर म्हणूनच चालू असलेल्या मेशच्या बाहेरच्या (वॅन) खाचेऐवजी आतल्या (लॅन) खाचेत तार गेली, आणि त्या संचात ही खाच आपोआप ओळखण्याची सोय नसली, तर एकाच जाळ्यात दोन यंत्रे पत्ते वाटू लागतात, ज्या मोबाइलला ओएनटीकडून पत्ता मिळतो तो चालतो, ज्याला दुसरीकडून मिळतो तो अडतो, आणि दोष मोबाइलचा ठरवून दुकान गाठले जाते.

यावर दोन मार्ग आहेत. पहिल्यात ओएनटीला ब्रिज केले जाते, म्हणजे तिच्याकडे प्रकाश-रूपांतराचे काम तेवढे ठेवून बाकी सारा कारभार मेशकडे सोपवला जातो. जाणकार मंडळी हाच मार्ग शुद्ध मानतात आणि तत्त्वतः ते बरोबरही आहे. परंतु छोट्या गावातील घरासाठी तो सरसकट सुचवणे घातक आहे. ब्रिज केल्यावर पीपीपीओईचे नाव-पासवर्ड मेशमध्ये भरावे लागतात, आणि ते पुष्कळ ग्राहकांना कधी सांगितलेलेच नसतात. त्याशिवाय व्हीलॅनचा क्रमांक, म्हणजे एकाच तारेतील निरनिराळ्या सेवा वेगळ्या ठेवणारी खूण, नेमका जुळवावा लागतो, आणि ती खूण घालण्याची सोय प्रत्येक मेश संचात नसते. टेलिफोनची मांडणी सांभाळल्याशिवाय ब्रिज केले तर घरचा फोन मुका होतो, आणि हे घरातील वृद्धांना कोणी फोन करू पाहते तेव्हाच कळते. एवढे करून मिळते काय, याचाही हिशेब करावा लागतो. अनेक सेवादाते आज ग्राहकाला स्वतंत्र सार्वजनिक पत्ता न देता स्वतःच्याच एका मोठ्या नॅटमागे ठेवतात. मेशच्या बाहेरच्या बाजूस मिळालेला पत्ता १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातील दिसला, तर तशीच व्यवस्था आहे असे समजावे, कारण २०१२ साली हा पट्टा खास त्या कामासाठी राखून ठेवण्यात आला. अशा जोडणीत ओएनटी ब्रिज केल्याने घरातील एक नॅट जातो, पण बाहेरचा उरतोच, आणि ज्या कॅमेऱ्यासाठी खटाटोप केला तो जुन्या आयपीव्ही४ पत्त्यावरून तरीही थेट दिसत नाही.

म्हणून बहुतेक घरांना दुसरा मार्ग हितावह ठरतो : ओएनटीने कारभारी राहावे आणि मेश संचाने ॲक्सेस पॉइंट म्हणून केवळ वाय-फाय पसरवण्याचे काम करावे. ही सोय बहुतेक संचांच्या मोबाइल ॲपमध्ये असते, मात्र ती कित्येकदा पहिली मांडणी संपल्यावरच दिसते. मुख्य पेटी ओएनटीला लॅन तारेने जोडावी, मांडणी पूर्ण करून ॲक्सेस पॉइंटची पद्धत निवडावी, दोन्ही पेट्या पुन्हा चालू कराव्यात, आणि मोबाइलला मिळालेला पत्ता ओएनटीच्याच पट्ट्यातील आहे ना हे पाहावे. तो तसा असेल तर कारभारी एकच उरला. त्यानंतर ओएनटीचे स्वतःचे वाय-फाय दोन्ही पट्ट्यांवर बंद करणे अत्यावश्यक आहे, कारण ते चालू राहिल्यास मोबाइल चौक ओलांडून मागे गेला तरी ओळखीच्या जुन्या नावाला धरून राहतो, आणि शेजारी चांगला सिग्नल असताना बोलणे तुटत राहते. या मार्गाची किंमतही आहे : मुलांच्या वापरावर वेळेचे बंधन घालणे किंवा एखाद्या उपकरणाला प्राधान्य देणे अशा सोयी अनेक संचांत या पद्धतीत बंद होतात. ज्यांनी त्याच सोयींसाठी महाग संच घेतला असेल, त्यांनी ब्रिजचा मार्ग धरावा, पण आधी सेवादात्याकडून नाव, पासवर्ड, व्हीलॅन क्रमांक आणि टेलिफोनची व्यवस्था या चार गोष्टी लेखी घेऊन मगच.

पेट्यांच्या जागेबाबत एक समज खोलवर रुजलेला आहे, तो असा की जेथे सिग्नल नाही तेथेच दुसरी पेटी ठेवावी. तेथे ठेवलेल्या पेटीमुळे मोबाइलवर सिग्नल पूर्ण दिसतो आणि तरी ती काही पोहोचवत नाही, कारण तिला स्वतःलाच पहिलीकडून क्षीण सिग्नल मिळत असतो. तिची जागा अंधाऱ्या कोपऱ्याच्या अलीकडे, जेथे पहिल्या पेटीचा सिग्नल उणे ६७ डीबीएमपेक्षा कमजोर नाही अशा ठिकाणी असावी. उणे चिन्हामुळे येथे ६० हा ६७ पेक्षा बलवान, हे ध्यानात ठेवावे. पापनाशमच्या घरात या कामी मुट्रम मोठे उपकारक ठरते, कारण उघड्या चौकातून लहरी अडथळ्याविना जातात. म्हणून एक पेटी रेळीच्या चौकाकडील तोंडाशी आणि दुसरी समोर कूडमच्या कडेला, पावसाचे शिंतोडे येणार नाहीत अशा उंचीवर ठेवल्यास, बाजारातील मधल्या किमतीचा संचही समाधानकारक चालतो. दोन पट्ट्यांच्या संचात मागची पेटी ज्या लहरींवर मोबाइलशी बोलते त्यांवरच पुढच्या पेटीशीही बोलत असल्याने वेग सुमारे निम्मा होतो, आणि तिच्यामागे तिसरी साखळीने जोडली तर आणखी घटतो. तिसऱ्या पेटीवर खर्च करण्यापेक्षा छताच्या कडेने एक कॅट-६ तार मागपर्यंत नेणे केव्हाही श्रेयस्कर. तारेतील चारही जोड्या नीट जोडल्या गेल्या पाहिजेत. दोनच जोडल्या तर जोडणी १०० मेगाबिटवर उतरते आणि ३०० मेगाबिटची योजना घेऊनही मोजणी ९४ च्या आसपास अडकते. हीच ९४ ची अडचण तार निर्दोष असतानाही येऊ शकते, कारण अनेक साध्या ओएनटींवर एकच खाच गिगाबिटची आणि दुसरी १०० मेगाबिटची असते, व दोन्ही दिसायला सारख्याच असतात.

या भागाला ईशान्य मोसमी पाऊस ऑक्टोबरपासून झोडपतो, आणि १६ नोव्हेंबर २०१८ रोजी वेदारण्यमजवळ किनाऱ्यावर आदळलेल्या गज चक्रीवादळाने तंजावर जिल्ह्यातील विजेची व्यवस्था कशी उन्मळून टाकली हे तेथील लोक विसरलेले नाहीत. काचेचा तंतू वीज वाहून नेत नाही, परंतु खांबावरून येणाऱ्या तारेतील आधाराची पोलादी तार, अ‍ॅडॉप्टर आणि तांब्याची लॅन तार या तिन्ही वाटांनी विजेचा झटका आत येऊ शकतो. म्हणून पोलादी तार भिंतीबाहेरच संपवावी, आणि परसातील वेगळ्या खोलीपर्यंत उघड्यावरून तांब्याची तार न नेता ते अंतर वायरलेसवर सोडावे. वीज गेल्यावर जोडणी चालू राहावी म्हणून मिळणारा छोटा यूपीएस घेताना त्याचे व्होल्ट, अँपिअर आणि पिनेची धन-ऋण बाजू अ‍ॅडॉप्टरवरील आकड्यांशी पडताळावी, आणि तो ओएनटीइतकाच प्रत्येक मेश पेटीलाही हवा हे विसरू नये, कारण नुसती पुढची पेटी जिवंत राहून मागच्या खोलीचा काही लाभ नसतो.

दुरुस्तीच्या वेळी आधी ओएनटी आणि मग मेश हा क्रम उपयोगी पडतो. ओएनटीवर एलओएसचा लाल दिवा लागला असेल तर प्रकाशच पोहोचत नाही, आणि अशा वेळी मेशची मांडणी पुसून पुन्हा करणे म्हणजे चांगले चाललेले मोडणे होय. आधी हिरव्या टोकाची फायबर तार कपाटामागे दुमडली किंवा चेपली गेली आहे का ते पाहावे, टोकाला बोट लावू नये, आणि मग लाइनमनला बोलवावे. तो लाल दिवा लागलेला नसूनही इंटरनेट नसेल, तर लॅपटॉप तारेने थेट ओएनटीला जोडून पाहावा. तेथे चालले तर दोष मेशकडे, तेथेही नाही चालले तर सेवादात्याकडे. तक्रार नोंदवताना जिल्हा तंजावर असे आवर्जून सांगावे, कारण तिरुनेलवेली जिल्ह्यात ताम्रपर्णीकाठी दुसरे पापनाशम आहे.