कुलूप आणि चौकट

मुग्धा,

बाहेरच्या लोकांना फाइली चढवायला सर्व्हरवर खाती उघडून द्यायचं काम तुझ्याकडे आलंय. प्रत्येकाला त्याच्याच फोल्डरात अडकवण्याचं साधन म्हणजे 'सीएचरूट'. १९७९ च्या युनिक्सपासून ते आहे. प्रोग्रामला एक फोल्डर दाखवून सांगायचं, हेच तुझं मूळ, याच्या वर काही नाही. पण व्हीएसएफटीपीडी या एफटीपी सर्व्हरमध्ये हे चालू केलंस की लॉगिन करताच '५०० ऊप्स' असा नकार येण्याची शक्यता आहे, कारण त्या मूळ फोल्डरात लिहायची मुभा वापरणाऱ्यालाच असते. 'अलाऊ रायटेबल सीएचरूट' ही एक ओळ टाकली की नकार थांबतो. ती ओळ टाकू नकोस.

कारण नीट समजून घे. आत अडकलेल्या प्रोग्रामला 'ईटीसी' आणि 'लिब' हे फोल्डरही तिथलेच दिसतात. तो मूळ फोल्डर वापरणाऱ्याच्या मालकीचा असेल, तर तो तिथे स्वतःचं 'लिब' बनवून त्यात घातक लायब्ररी ठेवू शकतो, आणि सर्व्हरचा रूट, म्हणजे सर्वाधिकारी खात्याच्या, अधिकाराने चालणारा भाग ती आपलीच समजून उचलू शकतो. डिसेंबर २०११ मध्ये फ्रीबीएसडी या युनिक्ससारख्या प्रणालीला आपल्या एफटीपी सर्व्हरमधलं हेच भोक बुजवावं लागलं. एसएफटीपी पुरवणारं ओपनएसएसएच तर याहून कडक आहे. तिथे त्या फोल्डरापर्यंतच्या वाटेवरचा प्रत्येक फोल्डर रूटच्या मालकीचा हवा आणि इतर कोणाला तिथे लिहिता येता कामा नये, नाहीतर जोडणीच तुटते. कुलूप ज्या चौकटीला लावायचं ती चौकट आतल्या माणसाच्या हाती द्यायची नाही, एवढाच याचा अर्थ.

मग त्याने फाइल ठेवायची कुठे? आत 'अपलोड' नावाचा फोल्डर कर आणि तेवढाच त्याच्या मालकीचा ठेव. 'माणसं विश्वासातली आहेत' असं तुला सांगतील. असतीलही, पण सर्व्हर माणूस ओळखत नाही, पासवर्ड ओळखतो, आणि साध्या एफटीपीत तो उघडाच जातो. म्हणून शक्य तिथे एसएफटीपीच घे. फाइलींच्या परवानग्या पुरेशा आहेत, मग सीएचरूट कशाला, हा आक्षेप अर्धाच खरा: 'पासवड' फाइल सर्वांना वाचता येते आणि तिच्यात प्रत्येक खात्याचं नाव असतं. रूट अधिकार असलेला सीएचरूटमधून निसटू शकतो, हे मात्र पूर्ण खरं. म्हणून या खात्यांना शेल देऊ नकोस; ओपनएसएसएचमध्ये 'इंटर्नल-एसएफटीपी' सक्तीचं कर आणि पोर्ट फॉरवर्डिंग बंद ठेव.

व्हीएसएफटीपीडीची सीएचरूटसाठीची नावांची यादी तर फार फसवी. सगळ्यांनाच अडकवलेलं असताना ती यादी चालू केलीस, तर तिच्यातली नावं मोकळी सुटतात. बांधायला म्हणून लिहिलेलं नाव तिथे सुटतं.

खातं देण्याआधी त्याच नावाने स्वतः लॉगिन कर. 'सीडी' ही आज्ञा आणि दोन टिंबं देऊन जागच्या जागी राहतेस का बघ, मग त्या मूळ फोल्डरात एक फाइल चढवून बघ. ती चढली, तर पासवर्ड कोणालाही पाठवू नकोस.

तुझा मामा