शर्यतीच्या खेळासाठी डोलते आसन : कारागिरांसाठी एक पाठ

संगणकावर मोटार-शर्यतीचे खेळ खेळणारी मुले आता खेड्यापाड्यांतही दिसतात. स्टिअरिंग आणि पेडल बाजारात तयार मिळतात, परंतु खेळणाऱ्याची खुर्ची जागची हलत नाही. पडद्यावरची गाडी वळते, अंगाला मात्र काही कळत नाही. ही उणीव भरून काढणाऱ्या यंत्रास मोशन सिम्युलेटर म्हणतात. परदेशी बनावटीचे असे यंत्र सामान्य घराच्या आवाक्याबाहेर असते. भंडारा जिल्ह्यातील दिघोरीसारख्या गावात एक वेल्डिंगवाला, एक मोटार-वायंडिंग करणारा आणि एक ट्रॅक्टर-मिस्त्री एकत्र बसले, तर त्यांना हे यंत्र तयार करता येईल काय? येईल. मात्र या यंत्राचे मर्म मोटारीच्या ताकदीत नसून तोलात आहे, हे आधी समजून घेतले पाहिजे.

या विद्येचा आरंभही एका कारखान्यातच झाला. अमेरिकेतील एडविन लिंक याच्या वडिलांचा ऑर्गन व पियानो बनविण्याचा कारखाना होता. ऑर्गनचे भाते वापरून लिंकने 1929 साली विमानचालकांसाठी एक डोलते विमान तयार केले. सुरुवातीला ते जत्रा-बागांतील करमणुकीचे साधन म्हणूनच खपले. 1934 मध्ये अमेरिकी सैन्याने ते विकत घेतले आणि दुसऱ्या महायुद्धात हजारो वैमानिक त्यावर शिकले. याच्या दुसऱ्या टोकाला जपानच्या टोयोटा कंपनीचा 2007 सालचा सिम्युलेटर आहे. त्यातील घुमट 35 मीटर लांब व 20 मीटर रुंद जागेत सरकतो. घरात इतकी जागा कोठून आणणार? सुदैवाने तिची गरजही नाही.

आपल्या कानाच्या आतील भागात दोन प्रकारची इंद्रिये आहेत. एक अंगाचे फिरणे ओळखते, दुसरे वेगातील बदल आणि गुरुत्वाकर्षण ओळखते. या दुसऱ्या इंद्रियाला एक गोष्ट स्वतःहून कळत नाही : पाठीवर आलेला दाब गाडी पुढे धावल्यामुळे आहे की खुर्ची मागे कलल्यामुळे. डोळ्यांसमोर रस्ता धावत असेल तर मन पहिला अर्थ घेते. म्हणून खुर्ची धावायला नको, कलली की पुरे.

कलण्याची दिशा मात्र अचूक हवी. येथेच अनेकांची फसगत होते. आपल्या भागातील शंकरपट डोळ्यांसमोर आणा. (2014 च्या बंदीनंतर पुन्हा भरू लागलेले पट सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये महाराष्ट्राचा कायदा वैध ठरविल्याने कायम राहिले, त्यावर लागणाऱ्या पैजा मात्र आपल्यासाठी तेव्हाही हराम होत्या आणि आजही आहेत.) जोडी सुटताच धुरकऱ्याचे अंग मागे जाते. म्हणजे वेग वाढताना खुर्ची मागे कलावी, ब्रेक दाबताना पुढे. वळणाचेही तसेच. गाडी उजवीकडे वळते तेव्हा अंग डावीकडे लोटले जाते, म्हणून खुर्ची डावीकडे कलली पाहिजे. मोटारसायकलच्या सवयीने पुष्कळजण ती उजवीकडे कलवतात. मग डोळा एक सांगतो, कान दुसरे सांगतो आणि खेळणाऱ्याला दहा मिनिटांत मळमळू लागते.

आता बांधणीकडे वळू. लहान घरासाठी पूर्ण चौकट हलविण्यापेक्षा फक्त आसन हलविणे बरे. पडदा, स्टिअरिंग व पेडल जमिनीवरील चौकटीत पक्के राहतात. चौकटीच्या मध्यभागी एक आखूड खांब उभारून त्यावर युनिव्हर्सल जॉइंट बसवावा. मोडीत निघालेल्या पीटीओ शाफ्टचा क्रॉस चांगला असेल तर तो उत्तम. येथे बॉल जॉइंट लावू नये. त्यावर आसन स्वतःभोवती गरगर फिरू शकते; क्रॉसवर ते पुढे-मागे व बाजूंना कलते, पण फिरत नाही. नेमके तेवढेच आपल्याला हवे आहे.

आसन जॉइंटवर कसे बसवावे, यावर अर्धे यश अवलंबून आहे. माणूस बसवून आसन हाताने डोलवून पाहावे. ते मागे कोसळत असेल तर पुढे सरकवावे, पुढे कोसळत असेल तर मागे. एका बोटाने आवरता येईल इतका तोल साधेपर्यंत वेल्डिंग करू नये, बोल्टवरच ठेवावे. यासाठी आसनाखालच्या पट्टीला लांबट गाळे पाडून ठेवावेत, कारण प्रत्येक गिऱ्हाईकाची उंची-वजन वेगळे असते.

मोटारी दोन लागतात. जॉइंटपासून 30 सेंमी मागे आणि मध्यरेषेपासून 30 सेंमी डावी-उजवीकडे आसनाला दोन उभे रॉड जोडावेत. प्रत्येक रॉड मोटारीवरील 5 सेंमीच्या क्रँकला जोडलेला असावा. दोन्ही रॉड एकदम वर गेले की आसन पुढे कलते, एक वर व एक खाली गेला की बाजूला कलते. क्रँक अगदी उभ्या टोकापर्यंत नेऊ नये, नाहीतर तो पलीकडे उलटतो आणि हिशेब चुकतो. आडव्या स्थितीपासून 60-65 अंशांवर थांबविल्यास रॉड साडेचार सेंमी सरकतो आणि आसन साडेआठ अंशांच्या आसपास कलते. त्याने अंगावर येणारा जोर गुरुत्वाच्या सुमारे सातव्या हिश्श्याइतका असतो. फॉर्म्युला वनच्या गाडीत जोराचा ब्रेक लागतो तेव्हा चालकावर गुरुत्वाच्या चार-पाच पट जोर येतो. दोन्हींची तुलनाच नाही, तरीही मन फसते.

मोटार किती ताकदीची घ्यावी, याचा हिशेब वहीत मांडावा. दुकानदाराच्या शब्दावर सोडू नये. समजा माणूस 70 किलो व आसन 15 किलो, मिळून 85 किलो. एकत्रित वजनाचा मध्य जॉइंटच्या 20 सेंमी वर आहे. पूर्ण कलल्यावर तो 3 सेंमी बाजूला जातो. बसण्यातील फरकामुळे आणखी 5 सेंमी धरा. 85 गुणिले 8 म्हणजे 680 किलो-सेंमी. त्यास 30 ने भागले की जवळपास 23 किलो, म्हणजे प्रत्येक रॉडवर साडेअकरा किलो. क्रँक 5 सेंमीचा असल्याने मोटारीवर सुमारे 60 किलो-सेंमी भार येतो. हा केवळ धरून ठेवण्याचा भार झाला. झटक्याने हलविण्यासाठी तिप्पट, म्हणजे 180 धरावे. क्रँक मिनिटाला 60 फेऱ्यांच्या वेगाने फिरवायचा तर याला सुमारे 110 वॅट लागतात. लहान मोटारगाडीची वायपर मोटार सतत इतका जोर देऊ शकत नाही. हलक्या मुलासाठी, शिकण्याच्या नमुन्यापुरती ती चालेल. विकायच्या यंत्राला 24 व्होल्टची, 150 ते 200 वॅटची, वर्म गिअर असलेली मोटार घ्यावी. आणि पाहा, तोल 5 ऐवजी 15 सेंमी चुकला तर 60 चे आकडे थेट 135 वर जातात. मोटार बदलून जे साधणार नाही ते पान्याने दोन बोल्ट सरकवून साधते!

वर्म गिअरचा एक मोठा फायदा आहे. वीज गेली तरी आसन धाडकन कोसळत नाही, आहे तेथेच अडकून राहते. भारनियमन सोसलेल्या गावाला याचे मोल वेगळे सांगायला नको.

विजेच्या कामात काही गोष्टी हमखास अडवतात. वायपर मोटारीचा नमुना करणार असाल तर तिची बॉडीच पुष्कळदा ऋण टोकाला जोडलेली असते. अशी मोटार उलटसुलट फिरविण्यासाठी तिचे टोक बॉडीपासून तोडून स्वतंत्र तार काढावी लागते. मोटारीच्या धुरीवर पोटेन्शिओमीटर बसवावा, तो क्रँक कोठे आहे हे सांगतो. आर्डुइनो नावाचा छोटा बोर्ड हे वाचतो आणि मोटार ड्रायव्हरला हुकूम देतो. ड्रायव्हरवर छापलेल्या 43 अँपिअरवर भुलू नये. पंख्याशिवाय तो त्याच्या निम्मेही धड पेलत नाही. मोटार झटक्यात उलटली की ती क्षणभर जनित्र बनून वीज परत ढकलते आणि एसएमपीएस बंद पडतो. त्यावर 12 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या ओळीने जोडणे हा सोपा इलाज होय. प्रत्येक मोटारीला वेगळा फ्यूज हवाच.

संगणकाच्या बाजूचे काम त्यामानाने थोडे आहे. 'लाइव्ह फॉर स्पीड'सारखा जुना, साध्या संगणकावर चालणारा खेळ गाडीच्या वेगबदलाचे आकडे बाहेर पाठवतो. 'फ्लायपीटी मूव्हर' किंवा 'सिमटूल्स' हे आकडे घेऊन आसनाच्या हालचालीत बदलतात. सुरुवातीला हालचाल तीस टक्क्यांवर ठेवावी.

लाल बटण मात्र संगणकाला नव्हे, थेट मोटारीच्या विजेला तोडणारे असावे आणि बसलेल्याच्या हाताशी असावे. क्रँकभोवती पत्र्याचे कवच घालावे. घरात लहान मुले असतात आणि त्यांची बोटे नको तेथेच जातात.

आता व्यवहार. असे यंत्र आधी बनवून गिऱ्हाईक शोधण्याऐवजी मागणीनुसार बनवावे. आपल्या फिक्हमध्ये यासाठी 'इस्तिस्ना'चा करार आहे. वस्तूचे वर्णन, माप आणि किंमत आधी ठरते, आणि रक्कम आगाऊ किंवा हप्त्यांनी घेता येते. त्यामुळे सामानासाठी व्याजाचे कर्ज काढावे लागत नाही. किंमत ठरविताना तिघेही कारागीर आपली मजुरी धरायला विसरतात, ही जुनीच खोड आहे. सामान, प्रत्येकाचे दिवस, नागपूरहून माल आणण्याचे भाडे आणि वर्षभराच्या दुरुस्तीसाठी राखलेली रक्कम असे चार रकाने पाडावेत. नफा त्यानंतर. तिघांची भागीदारी असेल तर नफ्याचा हिस्सा आणि तोट्याची जबाबदारी पहिल्याच दिवशी लिहून काढावी.

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला तेव्हा आत ओल लागली. ओला भाग लोकांना दिसेल असा वर का ठेवला नाही, असे त्यांनी व्यापाऱ्यास विचारले. आपल्या यंत्राची 'ओल' कोणती? मोटार जुनी असेल तर जुनी सांगावी. गिअरचा आवाज रात्री शेजारी ऐकू जातो, हे सांगावे. मान-पाठीचे दुखणे असलेल्याने व गरोदर स्त्रीने बसू नये, हे कागदावर लिहून द्यावे. आसन खऱ्या गाडीचा जोर देत नाही, भास देते, हेही. पैसे घेऊन खेळघर चालविण्याचा विचार असेल तर परवान्याची चौकशी ग्रामपंचायतीत व पोलीस ठाण्यात आधी करावी, आणि शर्यतीवर पैज लावू देऊ नये.

यंत्र गिऱ्हाइकाकडे पाठविण्यापूर्वी आसनावर धानाचे 40 किलोचे दोन कट्टे पट्ट्याने घट्ट बांधावेत आणि खेळ दोन तास चालू ठेवावा. नंतर वीज तोडून मोटारीला हात लावून पाहावा. हात टेकवत नसेल तर क्रँक आखूड करावा किंवा तोल पुन्हा तपासावा. मग क्रॉसचे, रॉडच्या टोकांचे आणि क्रँकचे बोल्ट एकेक करून पान्याने पाहावेत. पहिल्या चाचणीत त्यांतील दोन-तीन तरी सैल झालेले आढळतात. त्यांना लॉकनट घालून चाचणी पुन्हा घ्यावी.