औषधांची नावे व व्यापारचिन्हाचा कायदा : 'अमृतधारा' खटल्यापासून घ्यावयाचा बोध

तालुक्याच्या गावी तीन पिढ्या रसशाळा चालविणाऱ्या आमच्या एका वैद्यमित्रांना मध्यंतरी एका मोठ्या कंपनीच्या वकिलांची नोटीस आली. औषधाचे नाव पंधरा दिवसांत बदला, शिल्लक माल नष्ट करा व नुकसानभरपाई द्या, असा तिचा आशय होता. भयभीत होऊन त्यांनी जुनी-नवी सर्व लेबले जाळून टाकली आणि मग आम्हांस विचारले. वस्तुतः ते नाव त्यांच्या आजोबांनी ठेवलेले, कंपनीच्या नावाहूनही जुने होते; परंतु तसे सिद्ध करणारा पुरावाच अग्नीत गेला होता. असा प्रसंग कोणावरही येऊ नये, म्हणून हा विषय आम्ही येथे विचारार्थ घेत आहोत.

प्रथम शास्त्रोक्त नावे पाहू. च्यवनप्राश, सितोपलादी चूर्ण, आरोग्यवर्धिनी ही ग्रंथोक्त कल्पांची नावे होत. व्यापारचिन्ह अधिनियम, १९९९ मधील कलम ९ अन्वये केवळ वस्तूचे वर्णन करणारे अथवा त्या व्यवसायात रूढ झालेले नाव सामान्यतः एकट्याच्या मालकीचे होऊ शकत नाही. एखाद्या कंपनीने 'अमुक च्यवनप्राश' असे चिन्ह नोंदविले, तरी तिचा हक्क 'अमुक' या शब्दापुरता; 'च्यवनप्राश' सर्वांचा. मात्र तिच्या डबीचा रंग, चित्र व मांडणी यांची नक्कल केल्यास शास्त्रोक्त नाव आपले रक्षण करणार नाही.

स्वतः योजिलेल्या नावांची गोष्ट वेगळी आहे. याचे उत्तम उदाहरण म्हणजे सर्वोच्च न्यायालयाचा १९६२ चा 'अमृतधारा' निर्णय. लाहोर येथे विसाव्या शतकाच्या आरंभी प्रचारात आलेल्या या औषधाची कंपनी फाळणीनंतर डेहराडून येथे आली. उत्तर प्रदेशातील एक व्यावसायिक १९२३ पासून 'लक्ष्मणधारा' या नावाने तशाच उपयोगाचे औषध विकीत होते. त्यांनी १९५० साली नोंदणीसाठी अर्ज करताच कंपनीने हरकत घेतली.

न्यायालयाने म्हटले की, सामान्य ग्राहक नावाची व्युत्पत्ती करीत बसत नाही. त्याची स्मृती अपुरी असते व दोन्ही नावांचा एकंदर ठसा त्याची फसगत करू शकतो. 'धारा' हा शब्द सामान्य आहे, हा युक्तिवाद एवढ्याने टिकला नाही. तथापि ते औषध उघडपणे विकले जात असता कंपनीने वर्षानुवर्षे मौन बाळगले होते. ही मूकसंमती लक्षात घेऊन न्यायालयाने उत्तर प्रदेशापुरती 'लक्ष्मणधारा'ची नोंदणी मान्य केली. लहान व्यावसायिकास तारले ते त्याच्या दीर्घ व उघड वापराने.

कंपन्यांची प्रत्येक तक्रार अन्यायाची असते, असेही नव्हे. औषधांच्या नावांतील साम्यामुळे रुग्णाच्या जिवास धोका संभवतो, म्हणून अशा प्रकरणी अधिक कठोर कसोटी लावावी, असे सर्वोच्च न्यायालयाने 'कॅडिला' खटल्यात २००१ साली सांगितले आहे. प्रसिद्ध नावाशी जुळते नाव मुद्दाम योजणे हे वैद्यधर्मास शोभणारे नाही.

नोटीस आल्यास काय करावे? घाबरून काही लिहून देऊ नये; मौनही बाळगू नये. कंपनीच्या चिन्हाची नोंदणी कधीची, कोणत्या वर्गातील व कोणत्या शब्दाची, हे प्रथम पाहावे. कलम ३४ महत्त्वाचे आहे : कंपनीची नोंदणी व तिचा वापर यांपैकी जे आधीचे असेल, त्याच्याही पूर्वीपासून आपण ते नाव सातत्याने वापरीत असाल, तर कंपनी आपणांस रोखू शकत नाही. धमकी निराधार असल्यास कलम १४२ अन्वये आपणही न्यायालयात जाऊ शकता. अर्थात कंपनीने स्वतः तत्परतेने दावा लावला, तर हा मार्ग उरत नाही. उत्तर जाणकार वकिलाकडूनच द्यावे.

पूर्ववापर तोंडी सिद्ध होत नाही. जुनी बिले, उत्पादन परवान्यासोबतची मंजूर औषधयादी, छपाईच्या पावत्या, जाहिराती आणि प्रत्येक लेबलाचा एकेक दिनांकित नमुना जपून ठेवावा. नवे नाव ठरविण्यापूर्वी औषधांच्या ५ व्या वर्गात शोध घ्यावा व नोंदणी करून टाकावी. ती १० वर्षे टिकते व पुढे नूतनीकरण होते.

आपण रुग्णाचा पूर्वेतिहास टिपल्यावाचून चिकित्सा करीत नाही. आपल्या औषधाच्या नावाचा पूर्वेतिहासही तितक्याच काळजीने टिपून ठेवावा, एवढीच आमची सर्व सहव्यवसायी बंधुभगिनींस विनंती आहे.