नको असलेल्या छपाईसाठी वेगळी रांग

आय. बी. एम. कंपनीने १९८८ साली ए. एस./४०० हा व्यापारी संगणक बाजारात आणला. त्याच्या वंशातील यंत्रे अद्यापही पेढ्यांतून व गुदामांतून कामावर आहेत. अशा संगणकाला दिलेले काम संपले की त्याचा एक वृत्तान्त तयार होऊ शकतो. त्यास जॉब लॉग म्हणतात. कोणत्या आज्ञा दिल्या गेल्या, कोणते संदेश आले, चूक कोठे झाली, हे त्यात क्रमाने नोंदलेले असते. हा वृत्तान्त थेट कागदावर उतरत नाही. प्रथम तो चकतीवरील एका रांगेत जाऊन बसतो. मग राइटर नावाचा कार्यक्रम त्या रांगेतील एकेक मजकूर उचलून मुद्रकाकडे धाडतो. रांग एकच असली म्हणजे गिऱ्हाइकांची बिले या वृत्तान्तांच्या मागे खोळंबून राहतात.

यावर उपाय असा: क्यू-पी-जॉब-लॉग ही छपाई-फाइल बदलून तिचा मजकूर राइटर न जोडलेल्या रांगेकडे वळवावा. तेथे तो नुसता पडून राहतो व हवा तेव्हा पडद्यावर वाचता येतो. यंत्रातील स्वयंचलित सफाई सुरू केल्यास क्यू-ई-झेड-जॉब-लॉग ही तशी रांग आयतीच मिळते.

वृत्तान्त मुळी निर्माणच होऊ देऊ नये, असा मोह पुष्कळांना होतो. तो टाळलेला बरा. पगारपत्रकाचे काम रात्री अर्ध्यावर बंद पडले, तर सकाळी कारण शोधण्यास बहुधा तेवढाच पुरावा हाती असतो. सुरळीत पार पडलेल्या कामांचे वृत्तान्त मात्र खुशाल वगळावेत. उरलेले किती दिवस ठेवावयाचे, ही मुदत सफाईच्या सोयीत आधीच भरून ठेवावी. एरवी विसरलेली रांग वाढत जाऊन चकतीवरील जागा व्यापते.