तक्रार विद्यार्थ्याच्या शब्दांत : बुलढाणा जिल्ह्यातील महाविद्यालये आणि रोजगार मार्गदर्शन

महाविद्यालयात रोजगार मार्गदर्शन कक्ष, म्हणजे विद्यार्थी ज्याला सरसकट ‘प्लेसमेंट सेल’ म्हणतात तो विभाग, असणे ही एक गोष्ट आहे, आणि त्या कक्षाविषयीचे विद्यार्थ्यांचे म्हणणे प्राचार्यांपर्यंत जसेच्या तसे पोहोचणे ही निराळी. बुलढाणा जिल्ह्यात या दोहोंमधील अंतर भूगोलानेही वाढवले आहे. अजिंठ्याच्या डोंगररांगेने जिल्ह्याचे ‘घाटावरचा’ आणि ‘घाटाखालचा’ असे दोन भाग केले असून चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा हे तालुके घाटावर, तर मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर हे घाटाखाली मोडतात. मुंबई–हावडा लोहमार्ग घाटाखालून जातो आणि जिल्ह्याचे ठिकाण मात्र घाटावर, रेल्वेविना आहे. साहजिकच शासनाचे जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र बुलढाण्यात असले, तरी संग्रामपूरकडच्या विद्यार्थ्याचा तेथे जाऊन येण्यात अख्खा दिवस मोडतो, आणि पुण्यातील मुलाखतीसाठी लोणारच्या विद्यार्थिनीला अख्खी रात्र बसमध्ये काढावी लागते.

या जिल्ह्यातील महाविद्यालये एका साच्याची नाहीत. शेगावचे श्री संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३ साली सुरू झाले आणि त्याच वर्षी अमरावती विद्यापीठाचीही स्थापना झाली. अशा अभियांत्रिकी संस्थांत कंपन्या परिसरात येऊन निवड करतात आणि विद्यार्थ्यांची मागणीही त्याच स्वरूपाची असते. कला, वाणिज्य आणि विज्ञान शाखांच्या महाविद्यालयांत मात्र कितीतरी विद्यार्थ्यांच्या मनात कंपनीपेक्षा पोलीस भरती, तलाठी किंवा राज्यसेवेची परीक्षा असते. राज्याचा उच्च व तंत्र शिक्षण विभाग आणि महाराष्ट्र माहिती तंत्रज्ञान सहाय्यता केंद्र यांच्या ‘करिअर कट्टा’ या उपक्रमात ‘आयएएस आपल्या भेटीला’ आणि ‘उद्योजक आपल्या भेटीला’ हे दोन्ही कार्यक्रम शेजारी-शेजारी ठेवले गेले, ते या वस्तुस्थितीला धरूनच होते.

घाटाखालच्या एका महाविद्यालयात, जे येथे अनामिक ठेवणेच इष्ट, प्रस्तुत लेखकाने जवळून पाहिलेला प्रसंग या दृष्टीने बोलका आहे. विद्यार्थ्यांची गाऱ्हाणी ऐकण्यासाठी व्यवस्थापनाने सभा बोलावली, परंतु ती ठेवली दुपारी चारला, म्हणजे खेड्यांकडे जाणाऱ्या एसटी सुटण्याच्या सुमारास. परिणामी पासावर येणारी मुले-मुली निघून गेली आणि सभागृहात उरले ते गावातच राहणारे विद्यार्थी. एका विद्यार्थिनीने मात्र बस सोडून लेखी निवेदन दिले होते. त्यात तीन गोष्टी होत्या : मुलाखतीची सूचना आदल्या दिवशी संध्याकाळी फलकावर लागते, भरतीच्या ८०० मीटर धावण्याच्या सरावासाठी मैदानाचे फाटक पहाटे उघडत नाही, आणि मागील वर्षी ‘नोकरी लागलेल्यांच्या’ यादीत जी नावे होती, त्यांतील काही मुली घरीच आहेत. इतिवृत्तात, म्हणजे सभेच्या अधिकृत नोंदीत, या साऱ्याचे ‘अधिक कंपन्या बोलवाव्यात अशी विद्यार्थ्यांची इच्छा’ एवढेच एक वाक्य झाले. त्यानुसार पुढे एका कंपनीचे पथक खरोखरच आले, विषय निकाली निघाल्याची नोंद झाली, आणि निवेदनातील तिन्ही गोष्टी होत्या तशाच राहिल्या. येथे कोणाचा हेतू वाईट होता असे दिसत नाही. तक्रार शिष्ट भाषेत उतरवताना तिचा प्राणच निघून गेला, आणि फाटकाच्या किल्लीने सुटणारा प्रश्न कंपन्यांच्या पत्रव्यवहारात हरवला.

म्हणून प्रशासनाने पहिला नियम असा करावा की निवेदनातील मूळ वाक्य इतिवृत्तात अवतरणासह जसेच्या तसे यावे, त्यापुढे उत्तर देणाऱ्या व्यक्तीचे नाव व तारीख असावी, आणि जे करता येणार नाही त्याचे कारणही तेथेच लिहावे; स्पष्ट नकार विद्यार्थ्याला पचतो, मौन पचत नाही. सभेची वेळ एसटीचे वेळापत्रक पाहून, शक्यतो मधल्या सुट्टीला लागून ठेवावी. वर्गप्रतिनिधींमार्फतच म्हणणे मागवण्याची पद्धत सोयीची असली तरी अपुरी आहे, कारण हातपंपावरून पाणी भरून, शेतातले काम आटोपून धावतपळत तासाला येणारी मुलगी बहुधा प्रतिनिधी नसते आणि तिची अडचण प्रतिनिधीला ठाऊकही नसते.

विद्यार्थ्यांनीही हे जाणून घ्यावे की त्यांचे म्हणणे ऐकून घेणे ही कोणाची मेहेरबानी नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ च्या कलम ९७ नुसार प्रत्येक संलग्न महाविद्यालयात महाविद्यालय विकास समिती असते, तिच्यात विद्यार्थी परिषदेचे अध्यक्ष व सचिव सदस्य असतात आणि तिची वर्षातून किमान चार वेळा बैठक व्हावी लागते; मात्र परिषदच स्थापन झालेली नसेल तर या दोन खुर्च्या रिकाम्या राहतात, म्हणून सत्राच्या आरंभीच त्याची विचारणा करावी. त्याखेरीज विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या विनियमांनी प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती बंधनकारक केली असून तिने १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यावयाचा असतो, आणि त्या निर्णयाने समाधान न झाल्यास विद्यापीठाच्या लोकपालाकडे, म्हणजे तक्रारीवरील अपील ऐकणाऱ्या स्वतंत्र अधिकाऱ्याकडे, जाता येते. या विनियमांतील ‘तक्रार’ या संज्ञेत माहितीपुस्तिकेतील खोटी किंवा दिशाभूल करणारी माहिती, तसेच कबूल केलेल्या सुविधा न पुरवणे, यांचाही समावेश आहे. त्यामुळे नोकरी लागलेल्यांचा आकडा फुगवून माहितीपुस्तिकेत छापणे हा केवळ जाहिरातीचा उत्साह उरत नाही, तो तक्रारीचा रीतसर विषय ठरतो. विनियमांतील ही तरतूद प्राचार्यांनी विद्यार्थ्यांच्या आधी वाचलेली बरी.

यादीच्या बाबतीत एक साधी शिस्त पुरेशी आहे. निवडपत्र मिळालेले, प्रत्यक्ष रुजू झालेले आणि सहा महिन्यांनंतरही कामावर असलेले असे तीन रकाने वेगळे ठेवावेत, आणि उच्च शिक्षणाला गेलेले किंवा स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे यांना त्यांत कोंबू नये. शेवटचा रकाना भरण्यासाठी माजी विद्यार्थ्यांना फोन करावे लागतात; ते काम कक्षातील लिपिकावर न सोपवता विभागातील शिक्षकांनी करावे, कारण परत आलेली मुलगी का परत आली, खोलीचे भाडे परवडले नाही की रात्रपाळी घरच्यांना मान्य झाली नाही, हे ती आपल्या मॅडमनाच सांगेल, आणि पुढच्या वर्षी कोणती कंपनी बोलवायची याचा निर्णय त्या उत्तरांवरच व्हायला हवा.